नवव्या ग्रीनवरचं ‘राहू द्या’

१८ ऑगस्ट १९८८, गुरुवार, पहाटेचे साडेपाच. मेजर श्रीरंग रणनवरे तिसऱ्या ग्रीनवरचं, म्हणजे गोल्फच्या भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचं, दव झाडत होते. हातात लांबलचक लवचीक बांबू. तो जमिनीलगत अर्धवर्तुळात फिरवायचा, दोन पावलं सरायचं, पुन्हा उलटा फिरवायचा. दव मोडलं नाही तर कापलेलं गवत यंत्राला चिकटतं आणि ओल्या ग्रीनला बुरशी धरते. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावाच्या कडेला हॅरिंग्टन मेडो नावाचं नऊ होलचं, म्हणजे नऊ भोकांचं, सार्वजनिक गोल्फ मैदान आहे. तिथे हे काम मेजर दोन वर्षं करत होते. वय बासष्ट, पाठ सरळ, विजारीला कडक इस्त्री. मुलीच्या घरापासून मैदान मैलभर, ते चालत येत. गाडी चालवायला ते शिकले नव्हते.

ग्रीनं पहिल्यापासून क्रमाने झाडायची पद्धत आहे. मेजर मात्र नववं सगळ्यात आधी, अंधारातच उरकून घेत आणि मग पहिल्याकडे वळत. का, ते त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मैदानावरचे अमेरिकन लोक म्हाताऱ्या माणसाच्या सवयींबद्दल विचारत नाहीत. आणि मराठी माणसांना विचारायची गरज नव्हती.

मेजर मूळचे फलटणजवळचे. घरात आधी कोणी फौजेत गेलेलं नव्हतं. १९४८ साली ते अधिकारी झाले आणि चौऱ्याहत्तर साली मेजर म्हणूनच बाहेर पडले. लेफ्टनंट कर्नलच्या बढतीच्या वेळी त्यांचा दोनदा विचार झाला आणि दोन्ही वेळा नाव मागे राहिलं. फौजेत याला फार शब्द लागत नाहीत. ज्याचं राहिलं त्याला मेसमधले लोक जरा जास्तच प्रेमाने वागवू लागतात, एवढंच.

गोल्फ त्यांच्या वाट्याला योगायोगाने आला. पठारावरच्या एका छावणीत असताना त्यांच्या कर्नलला शनिवारी चौथा गडी कमी पडला, म्हणून बत्तीस वर्षांच्या कॅप्टन रणनवऱ्यांच्या हातात काठी दिली गेली. तिथे ग्रीन कुठलं असायला! जळक्या तेलात कालवलेल्या वाळूचा गोल असे, त्याला ‘ब्राउन’ म्हणत. बॉल मारायच्या आधी फळीने वाळू सारखी करायची. सहा महिन्यांत रणनवरे कर्नलपेक्षा चांगलं खेळायला लागले आणि मग ते लपवायला शिकले.

कर्नल बडोद्याकडचे, मराठी बोलणारे. गोल्फमध्ये दोघांचा सामना असला की एक शिष्टाचार पाळतात. समोरच्याचा बॉल भोकाच्या अगदी जवळ पडला असेल तर ‘दिला’ म्हणायचं. मग तो शेवटचा हलका टोला, म्हणजे पट, मारावाच लागत नाही. गेला असं धरतात आणि बॉल उचलतात. एकदा दिलेला पट परत घेता येत नाही. त्या छावणीत हे सांगायला मराठी अधिकाऱ्यांचा एक शब्द ठरलेला होता : ‘राहू द्या, सर.’ कशाला त्रास घेता, राहू द्या. कर्नलचा बॉल हातभर लांब असला तरी राहू द्या, दोन हात असला तरी राहू द्या.

त्रेसष्ट साली छावणीच्या चषकाच्या अंतिम सामन्यात हे दोघेच समोरासमोर आले. शेवटच्या ब्राउनवर बरोबरी होती. कर्नलचा बॉल भोकापासून चांगला पाच फुटांवर होता आणि वाळूला उतार होता. कर्नलनी काठी टेकून रणनवऱ्यांकडे नुसतं पाहिलं.

“राहू द्या, सर,” रणनवरे म्हणाले.

चषक कर्नलकडे गेला. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात रणनवऱ्यांच्या ‘खिलाडू वृत्ती’चा उल्लेख झाला म्हणतात. बढतीच्या वेळी त्याचा काही उपयोग झाला नाही.

फौजेनंतर त्यांनी एका साखर कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून सहा वर्षं काढली. एक्क्याऐंशीत पत्नी पद्मिनी गेल्या. पुढच्या वर्षी मुलगी रुपाली आणि जावई मोहन यांनी त्यांना श्रूजबरीला आणलं. दोघंही इंजिनिअर, सकाळी सातला घराबाहेर. मेजर दिवसभर खिडकीत बसून शेजाऱ्याचं गवत कापणं बघत. मोहन एकदा गमतीने म्हणाला, “बाबा, आपल्या कॉलनीला सेंट्री फ्री मिळाला.” मेजर हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची खिडकीतून हलवली.

त्यांना मैदानावर नेलं ते डॉक्टर प्रल्हाद देवपुजारी यांनी. डॉक्टर मूळचे नागपूरचे, भूलतज्ज्ञ, सदुसष्ट सालापासून शेजारच्या वूस्टर शहरात. इतक्या वर्षांच्या अमेरिकेने त्यांच्या बोलण्यातलं नागपूर जराही हलवलं नव्हतं. शाळेच्या जिममध्ये तिथल्या मराठी मंडळाचा गणपती होता, तिथे कागदी ताटली घेऊन भिंतीला टेकलेल्या मेजरांना त्यांनी विचारलं, “तुम्ही फौजेतले ना? मग गोल्फ खेळत असाल. चला शनिवारी. मी लोकांना झोपवतो आणि गोल्फ मला झोपवतो.”

पुढची चार वर्षं, बर्फाचे महिने सोडले तर, दर शनिवारी सकाळी डॉक्टरांची निळी गाडी रुपालीच्या दारात उभी राहिली. मेजर फाटकाशी आधीच येऊन उभे असत.

“पाच मिनिटं लेट आहात, डॉक्टर.”

“फौजेत असतो तर गोळी घातली असती का हो?”

“नाही. पण चहा मिळाला नसता.”

डॉक्टरांचा हात धसमुसळा होता. बॉल झाडीत गेला की ते झाडीलाच शिव्या घालत. मेजर टोला मारायच्या आधी बॉलवर नजर लावून थबकले की मागून आवाज यायचा, “काय बघून राहिले, मेजरसाहेब? नवरी आहे का ती?” मेजरांनी त्यांची पकड सुधारली, पाय कसे टाकायचे ते दाखवलं. डॉक्टरांचा खेळ वर्षावर्षाने सुधारत गेला. आणि मैदानभर दोघं मराठीत बोलत. हिरव्यागार ग्रीनवर, चहूबाजूंनी मेपलची झाडं आणि मधोमध ‘अहो, जरा डावीकडे घ्या!’ अमेरिकन खेळाडूंना त्याची सवय झाली होती. पट द्यायचा झाला की मेजर छावणीतलाच शब्द वापरत : “राहू द्या, डॉक्टर.” डॉक्टर बॉल उचलून खिशात टाकत आणि पुढे चालू लागत. चार वर्षांत हे किती वेळा झालं असेल याची गणती नाही.

श्याऐंशीच्या ऑगस्टअखेरीस, लेबर डेच्या, म्हणजे तिथल्या कामगार दिनाच्या, जोडसुट्टीत मैदानाच्या वार्षिक स्पर्धेत गंमत झाली. हौशी खेळाडूंच्या गटात अंतिम सामन्याला दोन्ही भारतीयच पोचले, मेजर आणि डॉक्टर. मंडळात बातमी पसरली. गोल्फ म्हणजे काय हे माहीत नसलेली पंधरा-वीस माणसं रविवारी मैदानावर आली. डॉक्टरांच्या पत्नी शोभाताईंनी थर्मासमधून चहा आणला, कोणी फॉइलच्या ट्रेमधून पोहे. “टाळ्या कधी वाजवायच्या, ते सांगा हं काका,” एका बाईंनी मेजरांना विचारलं. “बॉल आत गेला की,” मेजर म्हणाले, “आणि मी मारत असताना बोलायचं नाही.” “म्हणजे अगदी प्रवचनासारखं,” कोणीतरी मागून म्हणालं.

नऊ होलच्या दोन फेऱ्या; कमी टोल्यांत बॉल आत घालेल त्याचा तो होल. शेवटच्या होलला, म्हणजे दुसऱ्यांदा नवव्या ग्रीनवर, बरोबरी होती. डॉक्टरांचा चौथा टोला भोकाकडे सरळ गेला आणि फूटभर अलीकडे थांबला. मेजरांचे तीन झाले होते. त्यांचा बॉल लांब होता, पाचेक पावलांवर. तो गेला तर सामना त्यांचा.

आपला बॉल मेजरांच्या वाटेत येऊ नये म्हणून डॉक्टर वाकले. अशा वेळी बॉलमागे नाणं ठेवून जागेची खूण करतात आणि मग बॉल उचलतात. डॉक्टर खिशात नाणं चाचपत असताना मेजर म्हणाले, “राहू द्या, डॉक्टर.”

डॉक्टरांनी बॉल उचलला, खिशात टाकला आणि बाजूला झाले.

मेजरांनी पट मारला. बॉल भोकाच्या कडेवरून घसरून पुढे गेला. दुसऱ्या टोल्यात आत. दोघांचे पाच. म्हणजे सामना बरोबरीत, आता आणखी एक होल खेळायचा. माणसांनी चुकीच्या वेळी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात नियम समितीचा वॉल्टर पुढे आला. निवृत्त पोस्टमन, सज्जन, नियमांचा पक्का. त्याने डॉक्टरांना विचारलं, “तुम्ही बॉल उचललात. खूण नाही केली?”

“त्यांनी पट दिला मला.”

“मी ऐकलं नाही.”

“आमच्या भाषेत दिला.”

वॉल्टर मेजरांकडे वळला. “मेजर, तुम्ही काय म्हणालात?”

इथे मेजरांच्या मनात काय झालं ते थोडक्यात सांगता येतं : त्यांना पाच फुटांवरचा कर्नलचा बॉल दिसला. तेवीस वर्षांपूर्वी फुकट देऊन टाकलेला चषक दिसला आणि आता हातात येऊ शकणारा दुसरा. आपण पट दिला होता याबद्दल त्यांना तेव्हा शंका नव्हती आणि नंतरही कधी नव्हती. पण शब्दाचा एक दुसरा अर्थही तिथे सापडत होता आणि तो अगदीच खोटा नव्हता.

“मी म्हणालो, बॉल तिथेच असू दे,” मेजर इंग्रजीत म्हणाले. “माझ्या वाटेत येत नाही, उचलायचं कारण नाही.”

वॉल्टरने इथे थांबायला हरकत नव्हती. पण तो न्यायी माणूस होता. त्याने दुसरा प्रश्न विचारला. “त्या शब्दांचा दुसरा काही अर्थ होऊ शकतो का? ऐकणाऱ्याचा गैरसमज होईल असा?”

“नाही,” मेजर म्हणाले.

ग्रीनभोवती पंधरा-वीस मराठी माणसं उभी होती. त्यांतल्या प्रत्येकाने आयुष्यभर, कोणी ताटात आणखी भात वाढायला लागलं की ‘राहू द्या’ म्हटलेलं होतं. कोणी बोललं नाही. मेजर वयाने वडील होते आणि समोर परका माणूस होता. आपल्यातलं आपल्यात राहावं असं प्रत्येकाला वाटलं असणार. शोभाताईंनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. रुपाली जमिनीकडे बघत होती.

खूण न करता बॉल उचलल्याबद्दल डॉक्टरांना एक टोला दंड झाला. होल गेला आणि सामनाही. डॉक्टरांनी हात पुढे केला. “वेल प्लेड, मेजर,” ते म्हणाले. चार वर्षांत मैदानावर ते मेजरांशी पहिल्यांदाच इंग्रजीत बोलले होते.

पुढच्या शनिवारी मेजर फाटकाशी उभे राहिले. निळी गाडी आली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही ते उभे राहिले. तिसऱ्या शनिवारी रुपाली दारातून म्हणाली, “बाबा, आत या ना. थंडी आहे.”

चषक वीतभर उंचीचा, शिशाच्या रंगाचा. त्यावर नाव कोरून आलं त्यात स्पेलिंगची चूक होती. रुपालीने तो दाराजवळच्या टेबलावर ठेवला. महिन्याभरात मोहन त्यात गाडीच्या किल्ल्या टाकू लागला. मेजरांनी हरकत घेतली नाही. मैदानावर दव झाडायला माणूस हवा आहे असं कळलं तेव्हा त्यांनी मैदानाची व्यवस्थाही बघणाऱ्या वॉल्टरकडे जाऊन काम मागितलं. खेळणं मात्र त्यांनी सोडलं. जोडीला कोणी नाही, असं ते कारण सांगत.

आणखी एक गोष्ट त्यांनी सोडली. घरात ते ‘राहू दे’ म्हणेनासे झाले. ताटावर हात आडवा धरून ‘पुरे’ म्हणत, नाही तर ‘नको’. रुपालीच्या हे लक्षात आलं होतं. पण दोन वर्षं तिनेही तो विषय काढला नाही.

सतरा ऑगस्टला, बुधवारी रात्री, जेवताना ती म्हणाली, “देवपुजारीकाका शनिवारी चाललेत. अल्फारेटाला, अटलांटाजवळ. मुलाकडे, शैलेंद्रकडे. घर विकलं त्यांनी.”

मेजरांनी घास खाली ठेवला. रुपालीने आमटीची पळी पुढे केली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “राहू दे.”

पळी हवेत थांबली.

“म्हणजे नको?” रुपालीने विचारलं. “की पातेलं इथेच राहू दे?”

मोहन म्हणाला, “रुपाली, कशाला आता, यार...”

“विचारते फक्त. मला मराठी नीट कळत नसेल.”

मेजर उठले आणि ताट धुऊन ठेवलं. बराच वेळ नळ चालू होता.

गुरुवारी सकाळी दव झाडून झाल्यावर ते वॉल्टरकडे गेले. वॉल्टर क्लबच्या पायरीवर कॉफी पीत बसला होता. मेजर त्याच्यासमोर उभे राहिले, हात मागे बांधून, आणि त्यांनी सांगितलं : त्या दिवशी मी पट दिला होता. तुम्ही दुसरा अर्थ विचारलात तेव्हा मी खोटं बोललो.

वॉल्टरने कप खाली ठेवला. “मला शंका आली होती,” तो म्हणाला. “तुम्ही नाही म्हणालात तेव्हा तुमची माणसं माझ्याकडे बघत नव्हती. सगळी गवताकडे बघत होती.”

“मग तुम्ही त्यांना का नाही विचारलं?”

“तुम्ही मेजर होतात. तुम्हाला विचारल्यावर दुसऱ्याला विचारणं मला बरं वाटलं नाही.” मग तो म्हणाला, “निकाल आता बदलता येणार नाही, जाहीर झालाय. पण कोणी विचारलं तर मी खरं सांगेन. चालेल?”

“चालेल,” मेजर मराठीत म्हणाले आणि मग त्यांनी इंग्रजीत होकार दिला.

दुपारी रुपाली कामावरून लवकर आली. मेजर चषक कागदी पिशवीत घालून तयार होते. आतल्या किल्ल्या टेबलावर काढून ठेवल्या होत्या.  डॉक्टरांच्या दाराशी गाडी थांबवून रुपाली म्हणाली, “मी इथेच थांबते, बाबा.”

गॅरेज उघडं होतं. आत खोकी रचलेली. डॉक्टर एका खोक्याला चिकटपट्टी लावत होते. दोन वर्षांत केस पार पांढरे झाले होते. मंडळाच्या कार्यक्रमांत दोघं एकमेकांना दिसत, पण नमस्कारापलीकडे काही होत नसे.

“या,” डॉक्टर म्हणाले. “खुर्च्या गेल्या सगळ्या. शोभा बाहेर गेली आहे, नाही तर चहा झाला असता.”

“मी वॉल्टरला सांगितलं,” मेजर म्हणाले. “आज सकाळी. पट दिला होता म्हणून.”

डॉक्टरांनी पट्टी दातांनी तोडली. “बरं केलं.”

“तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? एक शब्द बोलला असतात तर...”

“काय बोलायचं होतं? एका फुटाच्या पटासाठी भांडू? मेजरसाहेब, कप तुम्ही मागितला असता तर मी असाच दिला असता. तुमचा खेळ माझ्यापेक्षा चांगलाच होता.” डॉक्टरांचा आवाज चढला नाही. “तुम्ही त्या माणसाला सांगितलं की दुसरा अर्थच होत नाही. म्हणजे मला माझी भाषा समजत नाही, असं सांगितलं. वीस वर्षं इथे दिवसभर इंग्रजी बोलून राहिलो मी. लोक म्हणतात, डॉक्टर, पुन्हा सांगा, कळलं नाही. शनिवारी तुमच्याबरोबर तेवढं नव्हतं. तेवढं एकच ठिकाण होतं.”

 भिंतीशी डॉक्टरांची गोल्फची पिशवी प्रवासासाठी बांधून ठेवलेली मेजरांना दिसली.

“खेळता अजून?”

“दुसरीकडे जातो. हॉस्पिटलातल्या गोऱ्यांबरोबर. पट देताना ते ‘दॅट्स गुड’ म्हणतात. त्याचा एकच अर्थ होतो.”

मेजरांनी पिशवीतून चषक काढला आणि समोरच्या बंद खोक्यावर ठेवला. “हा तुमचा आहे.”

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. चुकीच्या स्पेलिंगवरून अंगठा फिरवला. मग ते दुसऱ्या खोक्याकडे वळले आणि पाठमोरेच म्हणाले, “राहू द्या.”

मेजरांनी हातातल्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं. कप इथेच ठेवा, असं डॉक्टर म्हणत होते, की असू दे, नको, घेऊन जा, असं? आवाजावरून काही कळत नव्हतं. पट्टी फाटल्याचा आवाज आला, पुन्हा आला.

“म्हणजे ठेवू,” मेजरांनी शेवटी विचारलं, “की नेऊ?”

डॉक्टर वळले नाहीत. “मराठी येतं ना तुम्हाला?” ते म्हणाले.

 मेजरांनी चषक उचलून पिशवीत घातला आणि गाडीत येऊन बसले. रुपालीने पिशवीकडे पाहिलं, गाडी सुरू केली. घरी आल्यावर चषक दाराजवळच्या टेबलावर पूर्वीच्या जागी गेला. रात्री मोहनने त्यात किल्ल्या टाकल्या.

हॅरिंग्टन मेडोवर नवव्या ग्रीनवरचं भोक दर शुक्रवारी बुजवून दुसऱ्या जागी पाडतात. उद्या शुक्रवार आहे. पहिला गट सहा वाजून दहा मिनिटांनी निघतो आणि त्याआधी ग्रीनं झाडून झालेली असावी लागतात; मेजर नववं अंधारातच उरकतील.